राणीची सनद आणि मालवणी गाऱ्हाणं

आमच्या बँकेचा जन्म विलायतेतला. राणीच्या काळात लंडनच्या काही व्यापाऱ्यांनी सनद मिळवून ती काढली. कापूस आणि अफू इकडून तिकडे हलवायला पैसा हाताशी हवा होता, एवढीच खरी गोष्ट. लंडनहून आलेल्या माहितीत अफूचं नाव नव्हतं, 'दूरदृष्टी' मात्र ठासून भरली होती. वर्धापनदिनाला आमच्या गोरेगावच्या ऑफिसनं या स्थापनेचं नाटुकलं बसवावं असा हुकूम आला. बघायला साक्षात लंडनचा साहेब येणार होता. राणी मी झाले, कारण भाड्यानं आणलेला मुकुट दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर बसेना.

त्याच सुमारास आमचं ऑफिस बंगळुरूला हलवणार अशी कुणकुण लागली. जोगेश्वरीच्या घरात माझी आई अंथरुणाला खिळलेली. तिला टाकून मी कुठे जाणार? म्हणजे नोकरीवर पाणीच. सनदेवर सही करायची तालीम करताना माझं डोकं नुसतं फिरलेलं असायचं.

व्यापारी झाला होता आमचा कुडाळकडचा सहकारी. तो अडूनच बसला.

"गाऱ्हाणा घातल्याबिगर आमच्याकडे कोण पानाची टपरीव उघडना नाय, आणि तू बँक उघडतस?"

"अरे, ते इंग्रज होते!"

"म्हणान काय झाला गो? धंदो सगळ्यांचो सारकोच."

देवापुढे नारळ ठेवून मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची, हे ते गाऱ्हाणं. लोककला म्हणून साहेबाला आवडेल, या आशेवर मॅनेजरांनी होकार दिला.

कार्यक्रमात मी झोकात सही ठोकली. उंच टोपीतल्या व्यापाऱ्यानं नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ही बँक आज उघडता, तिची भरभराट कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढचं तालमीत नव्हतं.

"आणि जो कोण आमचा हापिस बेंगलोराक न्हेवक बघता, तेची बुद्धी फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल गरजला. पहिल्या रांगेतला साहेबही हात जोडून, अगदी मनापासून. सगळ्यांत मोठा आवाज मॅनेजरांचा होता.

चहाच्या वेळी साहेबानं विचारलं, आपण नक्की कशाला हो म्हणालो?

"बँकेच्या भरभराटीला, सर," मॅनेजर घाईघाईनं म्हणाले.

मला राहवलं नाही. डोक्यावर मुकुट असला की माणसाला भलताच जोर येतो. मी त्याला सगळं इंग्रजीत सांगून टाकलं, आईसकट.

साहेबानं कप खाली ठेवला. म्हणाला, ते ठरवणारा मी नाही. माझीही नोकरी या महिन्यात जातेय, घरी अजून सांगितलेलं नाही. मग व्यापाऱ्याकडे वळून त्यानं हळूच विचारलं, "माझ्यासाठीही एक घालाल का?"

व्यापाऱ्यानं टोपी पुन्हा चढवली.

"बा देवा म्हाराजा, ह्या गोऱ्या लेकराचीव भाकरी राख रे म्हाराजा!"

साथ द्यायला मी तोंड उघडलं आणि राणीला रडूच फुटलं.