त्या फोटोत मी हसत नव्हते

"उचलेल ती. ह्यांना सवय असते पडलेलं उचलायची."

हे वाक्य माईकवरून बोललं गेलं. मुलुंडच्या मैदानात, स्टेजवर, चारी बाजूंना भोंगे लावून. बोलणारा माणूस म्हणजे भाऊसाहेब. शाळेचा संस्थापक, ट्रस्टचा अध्यक्ष, आणि त्या दिवशी वाढदिवस त्याचाच. सगळं मुलुंड त्याला अहोजाहो करायचं. मी करणार नाही.

मी सहावीत होते. 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप' होतं आणि आमच्या वसाहतीतली पोरं रांगेत उभी केली होती. आमची वसाहत म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांची. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी आई कामाला लागली होती. त्या दिवशी तीही तिथेच होती, मैदानाच्या कडेला, हातात झाडू घेऊन. कार्यक्रम संपला की मैदान लगेच साफ पाहिजे, असं मुकादमाने बजावलं होतं.

वह्या द्यायला भाऊसाहेबाची बायको उभी. रांगेतल्या पोराने दोन्ही हात पसरायचे आणि तिने वरून वह्या सोडायच्या. द्यायच्या नाहीत, सोडायच्या. वीतभर वरून. तिच्या हाताला हात लागता कामा नये, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या पोरांचं बघून कळलं होतं. माझी पाळी आली. मी हात पसरले. तिने सोडल्या. नेमका तेव्हाच फोटोवाल्याने फ्लॅश मारला. मी दचकले आणि वह्या खाली सांडल्या. ती बाई दोन पावलं मागे सरकली. फोटोवाला बिचारा उचलायला वाकत होता, तेवढ्यात भाऊसाहेब ते बोलला.

लोक हसले. खुर्च्यांवरचे मोठे लोक. माझ्या वर्गाच्या बाईसुद्धा हसल्या. मी वाकले आणि उचलल्या.

स्टेजच्या पायऱ्या उतरते तर खाली बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता उभा. त्याने वह्या माझ्या हातातून काढून घेतल्या. "इकडे दे. वरती कमी पडतायत. तुमच्या उद्या ऑफिसातून घेऊन जा." त्याच वह्या पुन्हा वर गेल्या. पुढच्या पोराच्या हातात त्याच वह्या, पुढचा फोटो. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी पोरं ट्रस्टच्या ऑफिसवर गेलो. वॉचमनने गेटवरूनच हाकललं. त्या वर्षी आईने मागच्या इयत्तेच्या वह्यांतली कोरी पानं फाडून, दाभणाने शिवून मला दिली. त्यावर मी सहावी काढली.

आई त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. मीही नाही.

आता हल्लीचं सांगते.

मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात कामाला होते. मशीन वगैरे काही नाही, नुसते कॉम्प्युटर. लोकांची नेटवरची अब्रू नीट दिसावी ह्याचं काम. डॉक्टरची वेबसाइट लिही, बिल्डरचं भाषण लिही. आणि सगळ्यात जास्त मागणी कशाला, तर ऑनलाइन ज्ञानकोशातल्या लेखाला. तोच तो ज्ञानकोश, ज्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही खोडू शकतं. कोणाला आजोबांवर लेख पाहिजे, कोणाला बापावर. पैसे घेऊन लिहिलं तर तसं तिथे जाहीर करावं लागतं, असा नियम आहे. आमच्या बॉसला तो नियम माहीत होता. पाळायचा असतो, हे माहीत नव्हतं.

एक दिवस बॉसने मला मीटिंगला बोलावलं. समोर एक मॅडम बसलेल्या. गोड बोलणाऱ्या, चाफ्याचं अत्तर लावलेल्या. म्हणाल्या, "सासऱ्यांवर लेख हवाय. पुढच्या महिन्यात चौकाला त्यांचं नाव देतायत. पण मोबाइलवर नाव टाकलं तर काही येतच नाही हो. बरं दिसत नाही ना ते."

बॉसने पेनड्राइव्ह लावला. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर फोटो आला.

मी फ्रॉक ओळखला आधी. पिवळा. गळ्याला सेफ्टी पिन लावलेला. मग माझे हात ओळखले. पसरलेले. त्यांच्या वीतभर वर बांगड्यांनी भरलेले दोन हात, आणि मध्ये हवेत वह्या. फ्लॅशने नेमका तो क्षण पकडला होता. मागे भाऊसाहेब, आणि त्याच्यामागे बॅनर. त्यावर त्याचं नाव, माझ्या डोक्याहून मोठ्या अक्षरात.

एवढ्या वर्षांनी तो माणूस माझ्यासमोर भिंतीवर उभा, आणि मी पुन्हा हात पसरून.

मॅडम म्हणाल्या, "फोटो चांगलाय, पण मध्ये तो गॅप दिसतोय ना, तो बरा वाटत नाही. हात टेकलेले दाखवता येतील? आणि मुलगी जरा हसरी करा ना. किती रडवी दिसतेय. एआयने होतं ना हल्ली सगळं?"

"दोन मिनटांचं काम, मॅडम," बॉस म्हणाला. मग मला, "तू कॅप्शन घे लिहून. 'विद्यार्थ्यांना मायेने वह्या देताना' असं काहीतरी."

मायेने. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, "ती हसत नव्हती."

"काय?"

"ती मुलगी हसत नव्हती. ती मी आहे."

मला वाटलं होतं, आता ही बाई गप्प होईल. निदान मान खाली घालेल. कसली खाली घालते! टाळ्या वाजवल्या तिने. "अय्या! कसला योगायोग! मग तर तुम्हीच लिहा ना. बघा, भाऊसाहेबांच्या वह्यांवर शिकून आज कुठे पोचलात!"

बॉसचे डोळे चमकले. "झकास! व्हिडिओ करू या हिचा."

मी उभी राहिले. बसून बोलता येईना. म्हटलं, "वह्या मिळाल्याच नाहीत. पायऱ्यांवर काढून घेतल्या. फोटोपुरत्या होत्या. आणि हा गॅप कॅमेऱ्याची चूक नाही. तुमच्या सासूबाईंना आम्हाला हात लावायचा नव्हता. वह्या पडल्या तेव्हा तुमचे सासरे माईकवर काय बोलले, सांगू?"

मॅडमचं हसू गेलं. पण आवाज तसाच गोड. "एवढं जुनं काय धरून बसायचं? सासूबाईंचं सोवळं फार होतं. आम्हालासुद्धा शिवायच्या नाहीत त्या. मनाला लावून नाही घ्यायचं."

"मी हे लिहिणार नाही," मी म्हटलं. "आणि मला हसवायचं नाही."

बॉस मला ओढतच पॅसेजमध्ये घेऊन आला. "डोकं फिरलंय का तुझं? बिझनेस आहे यार. फोटोच आहे ना तो?"

"हो, फोटोच आहे. पण माझा आहे."

"मग घरी जाऊन फ्रेम कर."

मी बॅग उचलली आणि निघाले ती निघालेच. पगार, राजीनामा, कशाला थांबले नाही. मरोळ नाक्यापर्यंत चालत आले तेव्हा कळलं की मी मोठमोठ्याने शिव्या देतेय. रिक्षावाला म्हणाला, "कहाँ जाना है, मॅडम?" मी नुसतीच आत बसले.

आठवडा झाला असेल, लेख आला. मी रोज शोधतच होते. 'थोर शिक्षणप्रेमी', 'वंचितांचे आधारवड', 'हजारो विद्यार्थ्यांना वह्यावाटप'. प्रत्येक वाक्याला खाली संदर्भ. कुठून? ट्रस्टची स्मरणिका, आणि पैसे दिले की काहीही छापणारं गल्लीतलं साप्ताहिक. आणि फोटो. हात टेकलेले. वह्या मायेने दिलेल्या. आणि पिवळ्या फ्रॉकमधली ती मुलगी सगळे दात दाखवून हसतेय.

मी मोबाइल आईपुढे धरला. आई आता रिटायर झालीय. झाडून झाडून गुडघे गेलेत. तिने चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला. म्हणाली, "ही कोण गं?"

"मी आहे, आई."

"फ्रॉक तुझा आहे. मीच शिवलेला. पोरगी तू नाहीस. तू कधी हसलीस अशी?" मग मोबाइल पालथा घालून ठेवला. "मी ऐकलं होतं तेव्हा, तो काय बोलला ते. वाटलं होतं, जावं आणि झाडू घालावा त्याच्या तोंडावर. पोटासाठी गप बसले. नोकरी नवी होती, तू एवढीशी. तू गप बसू नकोस. नोकरी गेली तर गेली. माझी पेन्शन आहे, दोघींना पुरेल. वाट लाव त्याची."

आयुष्यात पहिल्यांदा आई त्या दिवसाबद्दल बोलली. मला रडू आलं, आणि रडण्याचाही राग आला.

त्या ज्ञानकोशात प्रत्येक लेखामागे एक चर्चेचं पान असतं. मी तिथे लिहिलं, स्वतःच्या नावाने. हा लेख पैसे घेऊन लिहिलाय. फोटोतली मुलगी मी आहे. फोटो बदललेला आहे. वह्या काढून घेतल्या होत्या. मग वाट बघत बसले.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तिथे फुकट काम करणारे संपादक असतात, त्यांच्यातल्या कोणाचं तरी. आधी लेखाच्या डोक्यावर एक पट्टी लागली: हा लेख मोबदला घेऊन लिहिला असण्याची शक्यता आहे. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून दाखवलं. पण खाली लिहिलं होतं, "आपल्या भावनांचा आदर आहे. परंतु वैयक्तिक अनुभव संदर्भ म्हणून ग्राह्य धरता येत नाही. प्रकाशित, स्वतंत्र स्रोत असल्यास कृपया द्यावा."

घ्या. त्याची स्मरणिका चालते, माझं तोंड चालत नाही. वाकले मी, हसले लोक, पण छापलंय कुठे? त्या रात्री मी त्या बिचाऱ्या संपादकालाही मनातल्या मनात नाही नाही ते बोलले.

सकाळी डोकं थंड झालं. मी त्यांचे सगळे नियम वाचून काढले. जो नियम मला अडवतो, तोच मला कुठे सोडतो, हे बघायचं होतं. आणि सापडलं.

पहिली गोष्ट. तिथे काही पुसलं जात नाही. नवीन चढवलं तरी आधीचं खाली इतिहासात राहतं. आमच्या हुशार बॉसने घाईघाईत आधी मूळ फोटो चढवला होता आणि मग त्याच्यावर हसरा. मी इतिहास उघडला, एक क्लिक केलं. मी तिथे होते. पिवळा फ्रॉक, सेफ्टी पिन, रडवं तोंड, आणि मधली ती वीतभर हवा.

दुसरी गोष्ट. तिथे फोटो चढवायचा तर मालकाला परवानगी द्यावी लागते, की हा फोटो कोणीही, कुठेही, कशासाठीही वापरावा. फोटोचा मालक म्हणून भाऊसाहेबाच्या मुलाने, त्या मॅडमच्या नवऱ्याने, ती दिलीय. न वाचता दिली असणार. असली माणसं वाचत नाहीत, सही करतात.

कोणीही. म्हणजे मीसुद्धा.

म्हणून हे लिहिलं. मन मोकळं करायला नाही. मन मोकळं करून मला काय करायचंय? मला सूड पाहिजे, आणि तो मी त्यांच्याच नियमाने घेणार. ज्या मासिकाच्या अंकात तुम्ही हे वाचताय, त्याच्या संपादकांना मी एकच अट घातली, की शेजारी तो मूळ फोटो छापायचा. पानभर. भाऊसाहेबाचं पूर्ण नाव मी इथे लिहीत नाही. फोटोतल्या बॅनरवर आहे, वाचून घ्या.

अंक हातात आला की मी त्या चर्चेच्या पानावर परत जाणार. संदर्भ म्हणून अंकाचं नाव, पान नंबर देणार. चौकाची पाटी लावा, नाव सोनेरी रंगात लिहा, नातवंडांना फीत कापायला लावा. पण कोणी मोबाइलवर ते नाव शोधलं, की मी दिसले पाहिजे. हात पसरलेली, आणि न हसणारी. त्यांनी काढलं तर मी परत टाकणार. मी काही म्हातारी झालेली नाही आणि मला दुसरी घाई नाही.

आणि कोणी म्हणेल, एकटीचं काय खरं मानायचं, तर तेही ठरवून ठेवलंय. त्या दिवशी स्टेजवर मी एकटी चढले नव्हते. आमच्या वसाहतीतली सगळी पोरं होती. कोणी आज बसवर कंडक्टर आहे, कोणी नर्स, कोणी आईबापाच्या जागी झाडूवर. मी एकेकाच्या दारात जाणार, समोर बसणार, लिहून घेणार, आणि प्रत्येकाचं छापून आणणार.

छापील पाहिजे होतं ना? हे पहिलं. मागे रांग आहे.