दाजीपूरच्या कड्यावरचा पप्पांचा फोटो

"सायेब, पोरगी मुकी हाय काय वो?"

आमच्या वाटाड्याने, गणूमामांनी, पप्पांना हळूच विचारलं. मला ऐकू आलंच.

"मुकी नाही हो, कॉन्व्हेंटची आहे."

"मग इंग्लिशमधनं तरी बोलू दे की."

दोघे हसले. मी बॉक्स कॅमेऱ्यात डोकं खुपसलं. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. कोल्हापूरहून राधानगरीपर्यंत एसटी, पुढे दाजीपूरच्या जंगलात ओळखीच्यांची जीप. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. कड्यावर छातीएवढी कारवीची दाट झुडपं आणि पलीकडे कोकणाकडचे निळे डोंगर. पप्पा नेमके त्यांच्या आड येत होते.

तो कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. काचेत पप्पा बोटाएवढे. परक्या माणसासमोर मोठ्याने बोलायचा मला संकोच, म्हणून हातानेच खुणावलं — मागे. अजून मागे. पप्पा मागे न बघता कारवीत शिरले.

दगड घरंगळले... आणि खाली आपटल्याचा आवाज आलाच नाही. कारवीच्या मागे जमीन नव्हती. मी तोंड उघडलं, आवाज फुटेना. एक हात तसाच हवेत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खटका दाबला गेला.

पप्पा थांबले. मग एकेक पाऊल टाकत पुढे आले, घामाघूम.

"बरं झालं ओरडलीस, बाळ."

"आवाज खणखणीत हाय की पोरीचा," माझ्या मागून गणूमामा म्हणाले.

मी कळ फिरवून फिल्म पुढे सरकवली.

फोटो धुऊन आला. त्यात पप्पा माझ्याकडे बघत नाहीत. कुणीतरी हाक मारावी तशी त्यांची मान एका बाजूला पूर्ण वळलेली आहे. त्या बाजूला फक्त कारवी. आम्हा तिघांशिवाय तिथे कुणीही नव्हतं.

घरी येईल त्याला पप्पा तो फोटो दाखवतात. "आमची नीलू जन्मात एकदाच ओरडली, पण वेळेवर." मला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी हेच सांगितलं. मी चहा ठेवून आत जायची.

गेल्या रविवारी पेठ वडगावच्या आत्या आल्या, पुन्हा अल्बम निघाला. तो आवाज कुणाचा होता, मला अजून कळलेलं नाही. पण या वेळी मी आत गेले नाही.

"पप्पा," मी म्हणाले, "त्या दिवशी मी ओरडले नव्हते. मी तुम्हाला अजून मागे सरा म्हणून हात करत होते."