उत्तेजनार्थ

तिच्याशी भांडायला बसलं की ती आधी आपलीच बाजू आपल्याला सांगायची. अगदी नीट, एकही मुद्दा न गाळता, आणि वर विचारायची, "असंच म्हणणं हाय ना तुझं? काय ऱ्हायलं का?" आपण नाइलाजाने मान डोलावली की मग तिचं बोलणं सुरू व्हायचं. तोवर आपल्या भांडणातली हवाच गेलेली असायची. मला तिची ही सवय कधीच आवडली नाही. आजही आवडत नाही, आणि आता तर त्याच सवयीचं पार आयर्लंडच्या संसदेत कौतुक चाललं आहे.

कॉलेजात आम्ही तिला 'उत्तेजनार्थ' म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. मी महाडजवळच्या नाते गावाकडची, ती पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली, दोघी महाडला शिकायला. वादविवाद स्पर्धेला आमची जोडी ठरलेली. विषयाच्या बाजूने मी, विरोधात ती. मी उभी राहिले की सभागृह दणाणून सोडायचे. चढता आवाज, हातवारे, शेवटी टाळीचं वाक्य. मग ती यायची आणि मिळालेला अर्धा वेळ माझेच मुद्दे सांगण्यात घालवायची, तेही माझ्यापेक्षा थोडक्यात. स्वतःच्या मुद्द्याला हात घालते न घालते तोच घंटा वाजायची. परीक्षक दर वेळी तेच म्हणायचे, "मुलगी हुशार आहे, पण सुरुवात उशिरा केली." मला पहिला नंबर, तिला उत्तेजनार्थ. हे इतक्या वेळा झालं की नाव चिकटलंच.

परतीच्या एसटीत मी ढाल मांडीवर घेऊन बसायचे आणि परीक्षकांचा आवाज काढून तिला ऐकवायचे, "सुरुवात उशिरा केलीस गो." ती हसायची आणि शेंगा सोलून निम्म्या माझ्या हातावर ठेवायची. तिला राग येत नाही याचाच मला राग यायचा. एकदा मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शोभा, तू बोललीस की लोक टाळ्या वाजवतात. माझं झालं की समोरचा मान हलवतो. मला तेवढं पुरं होतं." मी म्हटलं, मान हलवण्याला कुणी ढाल देत नाही बाई. तेव्हा वाटलं होतं, काय बिनतोड उत्तर दिलं.

ही खोड तिला कुठून लागली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा दिवाळीच्या सुट्टीत तिच्या घरी राहायला गेले होते. देवळात गावकी बसली होती. दोन भावकींत बांधावरच्या फणसावरून वाद, आणि मधोमध तिचे बाबा. एकजण तावातावाने उठला, तर बाबा म्हणाले, "तुजं मागनं. आदी त्याचं म्हणनं काय हाय ते सांग. त्यानं व्हय म्हटलं की मंग तुजं काड." तो बिचारा रागाने लाल, पण शत्रूची बाजू सांगायला लागला. चुकला, की समोरचा म्हणायचा, "नाय, आसं नाय," आणि पुन्हा पहिल्यापासून. मला हसू आवरेना. अशाने फणस पिकून पडेल, मी तिच्या कानात म्हटलं. ती खांबाआड बसली होती, तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिचे ओठ हलत होते. दोन्ही बाजू ती मनातल्या मनात पाठ करत होती.

पुढे ती नर्स झाली. मुंबई, मग आखात, मग आयर्लंड. मी महाडलाच शिक्षिका झाले, लग्न करून नाते गावाच्या पुढच्या एका गावात आले, आणि तालुक्यात एकही कार्यक्रम माझ्या सूत्रसंचालनाशिवाय होईना. दोघींचं बरं चाललं होतं. मग एक दिवस बातमी आली की तिकडच्या पंतप्रधानांनी तिला वरच्या सभागृहावर घेतलं. नर्सांच्या संघटनेत, मग गावच्या कौन्सिलमध्ये, आणि आता थेट सिनेटर. आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. मीही फुलं टाकली, पण खरं सांगते, दोन दिवस जेवण गेलं नाही. ती नेमली गेली, निवडून आली नाही, हा फरक मी लोकांना समजावून सांगते. कुणी विचारलं नसलं तरी सांगते. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, उभी राहिले आणि रीतसर निवडून आले. सरपंच झाले.

तिच्या सभागृहाचं कामकाज मोबाइलवर दिसतं. दुपारी जेवताना लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवून मी ते बघते. तिच्यात काय कमी आहे ते शोधायला बघते, हे उघड आहे. इंग्रजी तिचं पोलादपूरचंच, त्याला थोडा तिकडचा झोका. आवाज अजून तसाच, चढ नाही, उतार नाही. एकदा युरोपात बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी सगळ्या देशांनी मिळून काय नियम करावेत यावर चर्चा होती. एक म्हातारा सिनेटर फार कडक बोलला, की आमच्या गावात डॉक्टर मिळत नाही, घरं मिळत नाहीत, आणखी माणसं आणून ठेवणार कुठे. ही स्वतः बाहेरून आलेली. मी असते तर फाडून खाल्लं असतं त्याला. ही उठली आणि आधी त्याच्या गावाचं गाऱ्हाणं सांगत बसली. बंद पडलेला दवाखाना, शहरात गेलेली पोरं, सगळं. मग त्याच्याकडे वळून विचारलं, काही राहिलं का? म्हातारा हसला आणि त्याने मान हलवली. त्यानंतर ती म्हणाली की त्या दवाखान्यात नर्स म्हणून यायला तयार असलेल्या बाईला तिची मुलं सोबत आणू द्या, एवढंच माझं मागणं आहे. घंटा वाजली. पुढे आपल्या पक्षाला न जुमानता त्या म्हाताऱ्याने तिच्या मागणीला पाठिंबा दिला.

मी मोबाइल उपडा ठेवला. ताटातला भात पार सुकून गेला होता.

मागच्या हिवाळ्यात ती आली तेव्हा महाडला तिचा सत्कार झाला. सूत्रसंचालन अर्थात माझं. शाल कोण देणार, श्रीफळ कोण देणार, ही नावं वाचायला मी, आणि उत्तर द्यायला ती. जुन्या सरांचं नाव घेतलं तिने, बाबांचं घेतलं, हॉस्टेलात भाकऱ्या करणाऱ्या मावशींचंसुद्धा घेतलं. मी माइकच्या शेजारी उभी, चेहऱ्यावर हसू लावून. जिच्या भाषणातले मुद्दे सांगून सांगून ही बाई बोलायला शिकली, तिचं नाव काही आलं नाही. मी आभारप्रदर्शन थोडक्यात आटोपलं.

ती निघताना गाडीपर्यंत गेले. तिने विचारलं, सरपंचबाई, काय चाललंय? मी आमच्या वरच्या वाडीचं सांगितलं. डोंगराला भेग गेली आहे, दर पावसात ती रुंद होते, वाडी खाली आणायलाच हवी. जागा एकच आहे, गावाचा होळीचा माळ. पण ग्रामसभा ठराव होऊ देत नाही. ती म्हणाली, "खालच्या गावाचं म्हणणं काय हाय?"

"म्हणणं काय असणार? आडमुठेपणा आहे नुसता."

तिने माझा हात जरा जास्त वेळ हातात धरला आणि गाडीत बसली. दिवाळीच्या सुट्टीतलं ते देऊळ मला आठवलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतरच्या ग्रामसभेत मी आयुष्यातलं उत्तम भाषण केलं. माणुसकी, शेजारधर्म, आपलीच लेकरं. होळी काय, कुठेही लावता येईल, जीव परत येत नाहीत, असं म्हणाले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ठरावाला हात वर करा म्हटलं, तर वाडीतल्या लोकांपलीकडे एक हात वर येईना. टाळ्या वाजवणारे हात सगळे मांडीवर. वाडीतली एक सुईण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, पावसाला कितीसं ऱ्हायलंय आता?" घरी जाताना मला स्वतःच्या आवाजाची चीड आली होती.

पावसाआधी एकच सभा उरली होती. त्या सभेत मी भाषण केलं नाही. खालच्या गावातले सर्वांत वयस्कर धोंडूआबा, विरोधाचं मूळ तेच, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "आबा, तुमचं म्हणणं मी सांगते, चुकलं तर थांबवा. गुरं चारायला जागा राहणार नाही. पाण्याची लाइन एकच, तिच्यावर भार येईल. बरोबर?" आबा म्हणाले, "व्हय." मी विचारलं, "काही राहिलं का?"

आबा काठीशी चाळा करत म्हणाले, "ऱ्हायलं. होळी. तुमी म्हनालात कुठं बी लावता येल. बाई, होळीचं झाड वाडीवाले आनतात, वरनं, खांद्यावर. त्यांचा मान हाय. आमी खाली माळावर ढोल घेऊन वाट बघतो. माजा बा बघायचा, मी बघतो. तेच माळावर ऱ्हायला आलं, तर झाड आननार कोन नि वाट कुनाची बघायची?"

मी ज्याला आडमुठेपणा म्हणत होते तो हा होता. मी वळून वाडीवाल्यांना आबांचं म्हणणं पुन्हा सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. ती सुईण उठून उभी राहिली. "आबा, घर खाली आलं म्हनून मान खाली येत नाय. आमी झाड वरनंच आनू. तुमी ढोल घेऊन उभं ऱ्हावा." होळीची जागा मोकळी सोडायची, घरं माळाच्या दुसऱ्या अंगाला बांधायची, असं ठरलं. पहिला हात आबांचा वर गेला. टाळी एकही वाजली नाही.

ग्रामसेवकांनी विचारलं, बाई, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, अनुभव. तिने माझं नाव घेतलं नव्हतं, मग मी तरी तिचं का घ्यावं?

सभेचा व्हिडिओ मात्र ग्रुपवर मीच टाकला, खोटं कशाला बोलू. फुलं आली, हार आले, नमस्कार आले. मी वाट बघत होते ती एकाच नंबरची. दुपारी, तिकडची सभा सुरू व्हायच्या आधी, तिचा निरोप आला. एकच ओळ.

"सुरुवात उशिरा केलीस गो."

घंटा वाजायच्या कितीतरी आधी संपवलं होतं तिने. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. तिला उत्तर द्यायचं तर आधी तिचं म्हणणं सांगायला हवं, आणि ते सांगून झालं की माझ्याकडे मान हलवण्यापलीकडे काही उरत नाही.