सात नंबरच्या दातातली अल्का

कुडव्याच्या अल्का रामटेकेला हसू आवरत नसे. १९९९ साली तिचं लग्न लागलं, तेव्हा घाबरलेल्या देवीदासने हार तिच्या गळ्यात घालायच्या ऐवजी समोरच्या माईकच्या दांड्याला घातला. नवरी अशी खिदळत सुटली की लग्न लावणाऱ्यांना पाणी पिऊन पंचशील पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. सासूबाई अन्नपूर्णाबाईंना सून जरा यडीच वाटली. वर्षभरात त्याही तिच्यासोबत चुलीपुढे बसून, हसून हसून पदराने डोळे पुसू लागल्या.

देवीदास गोंदियात भाड्याची जीप चालवायचा. २०१२च्या हिवाळ्यात ती जीप नागपूरच्या संशोधक भूमिका मॅडमने कामासाठी भाड्याने घेतली. आमगावच्या पलीकडे एका बांधाजवळ नाली खोदताना हाडं निघाली होती. पोलीस येऊन गेले. हाडं फार जुनी असल्याचं कळलं. इंग्रजांच्या काळात रुळाच्या कामावर आणलेल्या मजुरांचा तिथे तळ होता आणि कुठल्याशा साथीत माणसं पटापट मेली, तेव्हा त्यांना तिथेच पुरलं होतं. साथ कोणती, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. मॅडम तेच शोधायला आल्या होत्या.

माती चाळायला माणसं हवी होती, म्हणून देवीदासने अल्कालाही नेलं. मॅडमने सगळ्यांना बसवून समजावलं. दाताच्या आतल्या पोकळीत रक्त खेळतं. माणूस साथीने मेला असेल तर त्या रोगाच्या जंतूचा डीएनए तिथे अडकून राहतो आणि नशीब असेल तर शंभर वर्षांनीही हाती लागतो. आपल्याकडच्या उन्हात तो लवकर नासतो, त्यामुळे आशा थोडीच होती. त्यात आपली थुंकी दातावर उडाली तर सगळंच बिघडायचं. म्हणून पांढरा झगा, हातमोजे, तोंडाला मास्क. आधी प्रत्येकाच्या गालाच्या आत कापूस फिरवून नमुना घेतला, म्हणजे कोणाचं काही मिसळलंच तर ओळखता यावं.

अल्काने काळजीने विचारलं, "मॅडमजी, हासलं तं चालते का?"

"तोंड बंद ठेवून हसा," मॅडम म्हणाल्या.

बरेच दिवस तिने ते पाळलं. मग एका सकाळी ती खड्ड्यात बसून ब्रशने एका जबड्यावरची माती काढत होती. रस्त्यावरून शेजारच्या शेतातले शालीकराम चालले होते. बर्ड फ्लू आला तेव्हा पांढरे झगे घालून कोंबड्या मारायला आलेली माणसं त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. खड्ड्याभोवती तसेच झगे दिसताच ते घरी पळाले आणि होत्या तेवढ्या कोंबड्या सदऱ्यात कोंबून आडवाटेने निघाले. आडवाट नेमकी खड्ड्याच्या काठावरून जात होती. मॅडम दिसताच ते थबकले. छाती, पोट, पाठ, सगळीकडून सदरा हलत होता.

"माह्याजवळ एकबी कोंबडी नाही जी," शालीकराम म्हणाले, आणि त्यांच्या गळ्यापाशी एक तुरा वर आला.

अल्काने श्वास कोंडला. दुसरी कोंबडी बाहीतून निघाली, फडफडत खड्ड्यात पडली आणि तिथे उभ्या मॅडमच्या डोक्यावर जाऊन बसली. मग अल्काला काही सावरता आलं नाही. मास्क हनुवटीखाली घसरला. ती जबड्यावर ओणवी होऊन हसत राहिली. तिचं ऐकून बाकीच्या बाया, मग देवीदास, शेवटी डोक्यावर कोंबडी घेतलेल्या मॅडमसुद्धा. शालीकराम तेवढे गंभीर होते.

उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला. त्या जबड्यातल्या सात नंबरच्या दातात एक ठणठणीत, जिवंत बाई सापडली होती. तिचा डीएनए अल्काच्या नमुन्याशी तंतोतंत जुळला होता.

रडावं की हसावं, अल्काला कळेना. तिने माफी मागितली. मॅडमने मध्येच थांबवून सांगितलं की दुसऱ्या एका दातात प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाला आहे. जहाजांतून मुंबईला उतरलेली जी साथ पुढे देशभर पसरली, तिच्याच जातीचा. म्हणजे मजुरांनी टाकलेल्या रुळांवरूनच मरण त्यांच्यापर्यंत आलं असावं.

"त्या दाताचं माणूस कोन होतं जी?" अल्काने विचारलं.

"बाईच होती. तुमच्यापेक्षा लहान."

अल्काने त्या बाईला परत मातीत ठेवाल का, असं विचारलं. मॅडम हो म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्यांनी दोघांना नागपूरला प्रयोगशाळा बघायला बोलावलं. दारात विद्यार्थ्यांचा घोळका उभा होता. "सात नंबर आल्या, सात नंबर आल्या," अशी आतपर्यंत कुजबुज गेली. प्रत्येकाला तिच्यासोबत फोटो काढायचा होता. यंत्राच्या खोलीपाशी तिला काचेबाहेरच उभं केलं. आत जायची परवानगी तेवढी मिळाली नाही. तिने काचेवर हात ठेवून वाकून पाहिलं.

"हे तं आपल्या फ्रिजएवढंच हाय," ती म्हणाली.

परतीच्या रेल्वेगाडीत देवीदासने तिला खिडकीची जागा दिली. पुढच्या हंगामात सालेकशाकडे काम निघणार होतं आणि मॅडमने अल्काला यायचं पक्कं सांगितलं होतं. फक्त यावेळी तिने दातांजवळ नाही, माती वाहायला राहायचं.

"जाशीन का?" देवीदासने विचारलं.

"जाईन नाही तं," ती म्हणाली, आणि तुमसर येईपर्यंत शालीकरामांच्या कोंबड्यांची गोष्ट समोरच्या बाकावरच्या अनोळखी कुटुंबाला सांगत राहिली.