पोळ्याचा नैवेद्य आणि पर्शेरॉन घोडी

पोळ्याचा नैवेद्य मी सौदीतल्या खमीस मुशैतला एका फ्रेंच घोडीला नेईन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण नेला बाई, डबा भरून नेला!

त्याचं असं झालं. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. लेक इथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट, तिने आम्हा दोघांना आपल्याजवळ आणलं. खमीस उंचावरचं गाव, हवा गार, तेवढंच सुख. पण हे चाकांच्या खुर्चीत बसले ते बसलेच. हाताचा व्यायाम करा म्हटलं की म्हणायचे, "थकल्या बैलाला कशाला जुंपता गं?" जन्मभर शेती केलेला माणूस, दुसरं काय सुचणार! हात मात्र दिवसेंदिवस आखडत चालला होता. लेकीने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आई, आत्ता हलवला नाही तर हा हात कायमचा जाईल."

तिच्याच ओळखीचे एक सौदी डॉक्टर, जनावरांचे, आता निवृत्त. सगळी हयात आपल्याकडच्या माणसांबरोबर काम केलेलं, त्यामुळे हिंदी मोडकी पण तोंडभर. एका शुक्रवारी लेक आम्हाला त्यांच्या मळ्यावर घेऊन गेली. मला वाटलं, चला, अरबी घोडे बघायला मिळणार. आणि बाहेर काय आलं? भिंत! पांढुरकी, चार पायांची, टनभर वजनाची भिंत.

हे खुर्चीत ताठ झाले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"अगं, छाती बघ हिची! पुठ्ठा बघ, मधोमध पन्हळ पडलीय. खिल्लाराची जोडी एकीकडे नि ही एकटी एकीकडे."

डॉक्टरांना कुणीतरी ऐकणारं हवंच होतं. म्हणाले, ही पर्शेरॉन. फ्रान्समधल्या पेर्श नावाच्या डोंगराळ भागातली जात. तिथले लोक सांगतात की फार पूर्वी अरबी घोडे तिकडे गेले, त्यांचं रक्त हिच्यात आहे. जुन्या काळाबद्दल विद्वान वाद घालतात, पण डॉक्टरांचा निकाल लागलेला होता. मला ते मामा म्हणायचे, म्हणजे आई. छातीवर हात मारून म्हणाले, "मामा, आधा खून हमारा!"

हे म्हणाले, "चेहरा तुमचाच दिसतो, मान्य. बाकीचा देह कुणाचा?" लेकीने हसत हसत ते हिंदीत सांगितलं, आणि डॉक्टर असे खदखदून हसले की घोडीने कान फिरवून पाहिलं.

घोडी जन्मली तेव्हा काळीभोर होती म्हणे. फोनवर फोटो दाखवला, खरंच कोळसा. या जातीत पुष्कळांचं असंच, वयाबरोबर उजळत जातात. इंग्लंडकडच्या भारी घोड्यांसारखा पायांना केसांचा झुपका नाही, त्यामुळे चिखलात बरं. आणि स्वभाव असा की आमची खुर्ची पोटाला टेकली तरी हलली नाही. डॉक्टरांनी ह्यांच्या डाव्या हाताला ब्रश पट्ट्याने बांधून दिला. हे मुकाट्याने घासू लागले. मी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

मग दर शुक्रवारी तेच.

पोळा आला तसं मला राहवेना. कष्टाच्या जनावराचे उपकार फेडायचा दिवस, आणि आमचं जनावर तर समोरच उभं होतं! पहाटे पुरण घातलं, लेकीची बडबड ऐकली ("आई, घोडी आहे ती!"), आणि चांगल्या तूप सुटलेल्या पोळ्या घेऊन गेले. डबा उघडून हात पुढे केला, तर डॉक्टर धावतच आले.

"ला, ला! नहीं मामा, गुड़ नहीं!"

मग नीट सांगितलं. या जातीच्या काही घोड्यांत अंगात साखर साठून राहते, गोड आणि धान्य जास्त झालं की पुठ्ठे लाकडासारखे आखडतात. हिला एकदा होऊन गेलं होतं, दोन पावलं टाकता येत नव्हती. अहो, आभार मानायला गेले आणि घोडीला आडवी केली असती!

मी डबा मिटला. ओशाळून म्हटलं, अंग असं आखडत असेल तर या जातीने नांगर तरी कसा ओढला असेल! डॉक्टर म्हणाले, नांगर, तोफा, प्रवासी गाड्या, सगळं ओढलं यांनी. अमेरिकेपर्यंत गेले. मग ट्रॅक्टर आला आणि कामच संपलं. कितीतरी खाटकाकडे गेले.

ह्यांनी विचारलं, "मग ही जात कशी उरली?"

"थोड्या शेतकऱ्यांनी ठेवले," डॉक्टर म्हणाले. "काम नव्हतं, तरी ठेवले."

"का?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "घर के थे, बाबा."

ह्यांनी घोडीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "हाताचा हा ब्रश सोड. पोळ्याला काय हिला नुसती खाजवायची? वैरण आण."

मी पट्टा सोडला, वाळल्या गवताची पेंढी दिली. ह्यांनी ती उजव्या हाताने डाव्या हातात ठेवली. बोटं मिटेनात. घोडीने ओठ लांब करून गवत ओढलं आणि पेंढी सुटू नये म्हणून बोटं मिटली. अर्धवट, थरथरत, पण आपली आपण. लेकीने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

"पाहतेस काय," हे तिच्यावर खेकसले, "आणखी आण की! एवढ्याने काय होतंय हिचं!"

पोळ्या मग डॉक्टरांनी आणि ह्यांनीच संपवल्या.