जीपबरोबर गेलेलं पुस्तक

ह्यांनी शुऐबाच्या प्लँटमधल्या एका इंग्रज साहेबाकडून जुनी जीप घेतली, तेव्हा तिच्याबरोबर एक पुस्तक फुकट आलं. कुवेतच्या वाळवंटातून किनाऱ्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा त्यात दिलेल्या होत्या, मधोमध घडीचा नकाशा. पुस्तक इराकशी झालेल्या युद्धाच्या आधीचं, आणि आम्ही तिथल्या फहाहीलला राहायला आलो ते युद्धानंतर.

त्यामुळे त्यातलं निम्मं खोटं ठरायचं. ‘पत्र्याच्या शेडपाशी डावीकडे वळा’ असं छापलेलं असे आणि शेडचा कुठे मागमूस नसे. पण चुकून भागणार नव्हतं. वाळूत सुरुंग राहिलेले असायचे, म्हणून चाकांनी मळलेली वाट सोडायची नाही, हा सगळ्यांचा दंडक. हे गाडी चालवायचे आणि मी शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन, मीटरवर नजर ठेवून वाट वाचून दाखवायची. जे नाहीसं झालं होतं ते खोडायची आणि दिसेल ते पेन्सिलीने लिहायची. जळका टँकर, वाकडा खांब, उंटांची पाण्याची टाकी. मागून मुलगी विचारायची, “आर वी लॉस्ट अगेन?” हे माझ्यावर डाफरायचे, मी ह्यांच्यावर. डाफरत का होईना, मी सांगेन तिकडेच वळायचे. घरात असं कधी झालं नाही. थंडीतले सुट्टीचे शुक्रवार असे भांडत भांडत खाडीवर पोचायचे, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या खाईपर्यंत दोघांचाही राग उतरलेला असायचा.

मग ह्यांनी जीपीएस आणलं आणि कौतुकाने काचेवर चिकटवलं. “आता तू आरामात बस,” म्हणाले. मनात वाईट काही नव्हतं. आरामात बसून मला झोप यायला लागली, मग गुडघे दुखायला लागले, मग मी घरीच राहायला लागले. गुडघे ठणठणीत होते. हे मित्रांबरोबर जायचे आणि परत आल्यावर समुद्र कसा होता ते सांगायचे. मी पोळ्या लाटता लाटता हं हं करायची. एकदा तरी “चल गं” म्हणून हट्ट धरतील, असं मला वाटायचं. ह्यांना वाटायचं, हिला कंटाळा येतो.

भारतात परतायचं ठरलं तेव्हा जीप विकायला काढली. घेणारे रत्नागिरीकडचे, फहाहीलच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. खाली पार्किंगमध्ये त्यांनी पुस्तक चाळलं आणि पेन्सिलीतलं मोठ्याने वाचलं, “वाकडा खांब. इथे हे नेहमी चिडतात. पुढे समुद्राचा वास आला की गप्प होतात.”

मला वाटलं हे हसतील. हसले नाहीत. “हे कधी लिहिलंस?”

“तुम्ही गाडी चालवत होता तेव्हा.”

“भाभी, बुक तुम्हीच ठेवा,” ते गृहस्थ म्हणाले. “मला मशीन बस हाय.”

ठेवते म्हणायला माझं काय जात होतं? पण इतक्या वर्षांचा राग नेमका तेव्हाच नाकावर येऊन बसला. “राहू द्या,” म्हटलं, “वाळूत मशीन बंद पडलं तर लागेल.”

जीप गेली. वर जाताना लिफ्टमध्ये ह्यांनी हळूच विचारलं, “आणखी काय काय लिहिलं होतंस गं?”

मी सांगायला तोंड उघडलं, आणि त्या खांबाच्या पुढचं मला काहीच आठवेना.