मंजूचा इंग्रजीचा पेपर

चि. ईशान आणि रमा,

त्या रविवारी सकाळी सतीशचा फोन आला तेव्हा मी जेवणाचं टेबल पुसत होते. "मावशी, मंजू आज येणार नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, परीक्षा झाली की तिची. आज येणारच नव्हती ती." तो म्हणाला, "मंजू गेली, मावशी. पहाटे." मी हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं, एवढं आठवतं. पुढचं नीट आठवत नाही.

मंजूमावशी तुम्हाला आठवते ती गेल्या खेपेची, तुम्हाला विमानतळावर सोडायला आलेली, सारखी हसणारी. तुमच्या आईची ती मावसबहीण, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण अकाली गेली आणि बारावीनंतर मंजूचं शिक्षण थांबलं. पुढे लग्न झालं, सतीशबरोबर ती आंबिवलीला राहायला गेली आणि कल्याणच्या एका शाळेच्या कार्यालयात कंत्राटावर लागली. चाळिशी आली तरी ती कंत्राटावरच होती, कारण कायम व्हायला पदवी लागते. म्हणून तिने बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. दिवसभर शाळेचं काम, घरी स्वयंपाक आणि उरलेल्या वेळात पुस्तकं. मला तेव्हा तिचा हेवा वाटावा इतकी ती आनंदात होती.

दुसऱ्या वर्षाला असताना तिची मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस सुरू झालं आणि पदवीचा अर्थच बदलला. कायम कर्मचाऱ्यांना शाळेची वैद्यकीय योजना होती. ती मिळाली तर मूत्रपिंड बदलण्याचा विचार करता आला असता. नाही मिळाली तर आहे हेच, जितके दिवस चालेल तितके दिवस. बाकी सगळे विषय सुटले. इंग्रजी मात्र दोनदा राहिलं. नोंदणीची मुदत संपत आली होती, ही संधी शेवटची. मग दर रविवारी ती कोपरीला माझ्याकडे यायला लागली.

जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण अशी विद्यार्थिनी मला मिळाली नाही. पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा, आणि तोंड चालूच. "मावशी, हा पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे सेम आमचं ऑफिस बघ. काम झालं म्हणायचं, कोणी केलं ते नाही सांगायचं!" मी रागावले की म्हणायची, "अगं, काल पाठ केलेलं मी, शप्पथ. मशीनने रक्ताबरोबर तेपण धुऊन काढलं." आणि एकदा, पुस्तकातून मान वर न करता, "मावशी, पास झाले ना तर जगेन गं मी." मी म्हटलं, "पुढचा प्रश्न वाच." दुसरं काय म्हणणार होते?

पेपर नेमका गुरुवारी आला. तिच्या डायलिसिस केंद्रात आपापसांत वार बदलून घ्यायची पद्धत होती. कुणाच्या भाचीचं लग्न, कुणाकडे श्राद्ध, गौरी-गणपती, सगळं या अदलाबदलीवर निभायचं, आणि त्यात कुणी नाही म्हणत नसे. मंजूने देवधरकाकांना विचारलं. ते निवृत्त गृहस्थ, सोमवारी तिच्या शेजारच्या खाटेवर असायचे, त्यातून ओळख झालेली. त्यांनी तिचा गुरुवार घेतला आणि आपला शुक्रवार तिला दिला.

गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "मावशी, सगळं लिहिलं! पत्रपण, निबंधपण. एक प्रश्न सोडला नाही." इतका मोकळा आवाज तिचा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. डायलिसिसचं विचारलं तर म्हणाली, "उद्या आहे ना. एका दिवसाने काय होतंय!"

शुक्रवारी जलवाहिनी फुटली आणि केंद्र होतं त्या भागात पाणी आलं नाही. डायलिसिसला पाणी भरपूर लागतं, टँकर संध्याकाळपर्यंत पोचला नाही. शनिवारी शनिवारचे रुग्ण होते. उरलेल्यांसाठी रविवारी सकाळी खास केंद्र उघडू, असं सांगितलं गेलं. शनिवारी तिला धाप लागायला लागली. सतीश म्हणत होता, मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. ती म्हणाली, "उद्या सकाळी नंबर आहे की. नवीन ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगत बसायचं..." उशीला टेकून बसून राहिली. सकाळ व्हायच्या आत संपलं.

दहाव्याच्या आधी देवधरकाका आंबिवलीला आले, काठी टेकत, जिना चढून. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझं गुरुवारी अगदी व्यवस्थित झालं हो." सतीश त्यांच्याजवळ गेला. "काका, तुमचा काय दोष त्यात? मागितला तिनेच ना वार? चहा घ्या." ते म्हणाले, "अर्धाच दे. मला जास्त चालत नाही." आणि तो अर्धा कप हातात धरून रडायला लागले.

काही आठवड्यांनी निकाल लागला. सतीशने तो मोबाइलवर उघडला आणि फोन माझ्यापुढे धरला. मंजूच्या नावापुढे लिहिलं होतं, 'निकाल राखीव'. आम्ही दोघं परीक्षा केंद्रावर गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, "इंग्रजीच्या गृहपाठाचे गुण आलेले नाहीत. विद्यार्थिनीला पाठवा, सही लागेल." सतीश म्हणाला, "ती नाहीये." "मग कधी येतील?" "ती वारली." त्यांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. हळूच म्हणाला, "अहो, मग आता निकाल कशाला हवाय?" सतीश म्हणाला, "तिला हवा होता." अर्ज दिला आहे. अजून काही कळलेलं नाही.

तुमची आई विचारत होती, मुलांना हे सगळं कशाला लिहितेस? यातून तुम्ही काही शिकावं असं मला वाटत नाही. मेहनतीचं फळ मिळतं वगैरे मीच वर्गात सांगत आले. आता ते लिहायला हात धजत नाही. आपल्या माणसांत अशी एक होती आणि ती जगण्यासाठी परीक्षेला बसली, एवढं तुम्हाला ठाऊक असावं.

तिला दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी चालायचं. "पाणी पटकन संपतं, बर्फ पुरतो," असं म्हणून ती गालात बर्फाचा खडा धरून उत्तरं म्हणायची. अर्धे उच्चार मला कळायचेच नाहीत. तिच्यासाठी मी बारीक खड्यांचा ट्रे आणला होता. दर शनिवारी तो भरून फ्रीजरमध्ये ठेवायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. गेल्या रविवारी सकाळी मी खडे बशीत काढले, टेबलावर तिच्या बाजूला ठेवले आणि समोर बसून राहिले. त्यांचं पाणी झालं. ते मोरीत ओतवेना...

तुमची,
आजी